गेइशा: कला खरी, कर्जही खरे

१/
गेइशा हा शब्द समाजमाध्यमांवर आला की दोन तट हमखास पडतात. एक तट म्हणतो, गेइशा म्हणजे जपानी वेश्या. दुसरा तत्काळ उसळून उठतो: छे, गेइशा म्हणजे निखळ कलावंत, बाकी सारा पाश्चात्त्यांचा अपप्रचार. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघांचीही नजर त्या स्त्रीच्या शरीरावर खिळलेली असते. तिच्या नावाने लिहिल्या गेलेल्या करारपत्राकडे कोणीच पाहत नाही. (धागा मोठा आहे.)

२/
आधी शब्द. मराठीत ‘गीशा’ लिहिण्याची सवय इंग्रजीमुळे लागली. जपानी उच्चार ‘गेइशा’च्या जवळचा. ‘गेइ’ म्हणजे कला, ‘शा’ म्हणजे व्यक्ती. क्योतोत पूर्ण गेइशाला ‘गेइको’ आणि शिकाऊ मुलीला ‘माइको’ म्हणतात. टोकियोत शिकाऊ मुलीचे नाव ‘हांग्योकु’, म्हणजे ‘अर्धे रत्न’. ऐकायला काव्यमय. पण ‘रत्न’ हे बैठकीच्या मोबदल्याचे नाव होते आणि शिकाऊ मुलीसाठी तो निम्मा आकारला जाई, म्हणून ती अर्धी. दर नावातच कोरलेला.

३/
पहिले गेइशा पुरुष होते. बैठकीत ढोल वाजवणारे, नकला करणारे, पाहुण्यांना हसवणारे हे विदूषक ‘ताइकोमोची’ म्हणून ओळखले जात. अठराव्या शतकाच्या मध्यास एदोच्या (आजच्या टोकियोच्या) फुकागावा भागात शामिसेन वाजवून गाणाऱ्या स्त्रिया स्वतःला गेइशा म्हणवू लागल्या आणि शतक संपण्यापूर्वीच पुरुष मागे पडले.

४/
आता ‘निखळ कलावंत’ पक्षाचा सर्वांत लाडका पुरावा पाहू. एदोतील योशिवारा ही सरकारमान्य वेश्यावस्ती. १६१७ साली तिला परवाना मिळाला, १६५७ च्या भीषण आगीनंतर ती शहराबाहेर हलली. तिथल्या उच्चभ्रू गणिकांना पुढे ‘ओइरान’ म्हणू लागले. त्यांच्या कमरपट्ट्याची, म्हणजे ओबीची, गाठ पुढे, गेइशांची मागे. १७७९ साली योशिवारात गेइशांची नोंदणी करणारे कार्यालय, ‘केन्बान’, सुरू झाले. गेइशांनी साधी वस्त्रे ल्यावीत, केसांत मोजकेच काटे खोवावेत, एकटीने पाहुण्याकडे जाऊ नये, शरीरविक्रय करू नये असे नियम घालण्यात आले.

५/
इथे टाळ्या पडतात: बघा, कायद्यानेच मनाई होती! मनाई होती हे खरे. पण ती कोणासाठी? गणिकागृहांच्या मालकांनी ओइरानवर केलेली गुंतवणूक बुडू नये म्हणून. शामिसेन वाजवणारी हुशार, हजरजबाबी स्त्री स्वस्तात पाहुणा पळवील ही धास्ती त्या नियमांच्या मुळाशी होती. ज्याला आज ‘गेइशांचे पावित्र्य’ म्हणून मिरवले जाते, ते मुळात मक्तेदारीने स्वतःभोवती घातलेले कुंपण होते.

६/
कुंपणाबाहेर काय चालत असे, ते जपानी भाषेलाच विचारावे. ‘कोरोबी गेइशा’ म्हणजे ‘आडवी होणारी’ गेइशा. ‘माकुरा गेइशा’ म्हणजे ‘उशीची’ गेइशा. जे अस्तित्वातच नव्हते त्यासाठी भाषेने दोन-दोन शब्द घडवले नसते.

७/
मात्र दुसऱ्या तटानेही घाईने विजयोत्सव करू नये. त्यांचे अज्ञान अधिक ढोबळ आहे. लोती यांची ‘मादाम क्रिझांथेम’ कादंबरी (१८८७), लंडनच्या रंगभूमीवरील ‘द गेइशा’ ही संगीतिका (१८९६), पुच्चीनी यांचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा (१९०४) या मार्गाने युरोपने एक बाहुली घडवली. १९४५ नंतर अमेरिकी सैनिकांच्या छावण्यांभोवती पोट भरणाऱ्या निराधार स्त्रियाही ‘गेइशा गर्ल’ म्हणवल्या जाऊ लागल्या आणि बाहुलीला बाजारभाव चिकटला.

८/
जाता जाता, मुंबईपुरती एक गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी कामाठीपुऱ्यात जपानी स्त्रिया होत्या आणि त्यांना सरसकट गेइशा समजणारे लिखाण आजही भेटते. त्या गेइशा नव्हत्या. त्या ‘कारायुकी-सान’: क्यूशू बेटावरील आमाकुसा-शिमाबाराच्या दरिद्री खेड्यांतून सिंगापूर, सांदाकान, रंगून, मुंबईपर्यंत विकल्या गेलेल्या मुली. त्यांच्या हाती शामिसेन कोणी दिले नव्हते.

९/
शामिसेन हाती देणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. गेइशांचे शिक्षण जगातील अत्यंत कठोर कलाशिक्षणांपैकी एक आहे, आणि ते तपशिलात पाहिले पाहिजे.

१०/
क्योतोत आज पाच ‘हानामाची’ (पुष्पवस्त्या) आहेत: गिओन कोबू, गिओन हिगाशी, मियागावाचो, पोंतोचो आणि कामिशिचिकेन. मुलगी ज्या घरात राहते ते ‘ओकिया’. घराची मालकीण ‘ओकासान’, म्हणजे आई. बैठक जिथे भरते ते ‘ओचाया’, म्हणजे चहाघर, जरी तिथे चहापेक्षा साके अधिक वाहत असली. ओळखीच्या शिफारशीवाचून नवख्याला ओचायात प्रवेश नाही, मग खिशात कितीही पैसे असोत.

११/
पहिला टप्पा ‘शिकोमी’. झाडलोट, निरोप पोचवणे, वडीलधाऱ्या गेइकोंची वाट पाहत रात्री जागणे, आणि या साऱ्यातून वेळ काढून नृत्याचा अभ्यास. आता मुली देशभरातून येतात, त्यामुळे आपली बोली विसरून क्योतोची मृदू, आडवळणी बोली आत्मसात करावी लागते. नृत्याची चाचणी उत्तीर्ण झाली की ‘मिनाराई’: महिनाभर बैठकीत बसायचे आणि फक्त पाहायचे. शब्दाचा अर्थच ‘पाहून शिकणे’. मग ‘मिसेदाशी’, पहिले जाहीर दर्शन. त्याआधी थोरल्या बहिणीशी, ‘ओनेसान’शी, तीन पेल्यांतून प्रत्येकी तीन घोट साकेचा विधी होतो. जपानी विवाहातही हाच विधी असतो. बहिणीच्या नावातील एक अक्षर मुलीच्या नव्या नावात येते. तिने चूक केली तर दारोदार जाऊन क्षमा मागायची ती थोरल्या बहिणीने.

१२/
माइकोची ओबी पाच मीटरहून लांब, मागे पावलांपर्यंत लोंबणारी. टोकाला ओकियाचे चिन्ह विणलेले. ती बांधायला जोर लागतो, म्हणून पुरुष वेशसाहाय्यक येतात. पायात दहा सेंटिमीटर उंचीचे लाकडी ‘ओकोबो’. पहिल्या वर्षी फक्त खालचा ओठ रंगवायचा. केस स्वतःचे: आठवड्यातून एकदा बांधायचे आणि ते मोडू नयेत म्हणून उंच, कठीण उशीवर मान टेकून झोपायचे. वर्षानुवर्षे केस ताणल्याने अनेकींच्या माथ्यावर टक्कल पडते. गिओनमध्ये या टकलाकडे शिकाऊपणाची खूण म्हणूनच पाहिले जाते.

१३/
आणि ही सारी बाहेरची कवचे. आत शामिसेन, हातातील छोटा ढोल, बासरी, गायन, चहाविधी आणि सर्वांच्या वर नृत्य. गिओन कोबूत फक्त इनोउए घराण्याचे नृत्य चालते. त्याची धुरा पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडेच राहिली असून प्रमुखपदी येणारी प्रत्येक जण ‘इनोउए याचियो’ हे नाव धारण करते. नो नाट्याच्या संयमाचा या शैलीवर दाट ठसा आहे. चेहरा जवळजवळ निर्विकार, कंबर खाली दाबलेली, भाव फक्त पंख्याच्या आणि मानेच्या कोनात. प्रेक्षकाला भुरळ घालण्याची घाई या नृत्यात कुठेच दिसत नाही.

१४/
शिक्षण संपत नाही. नर्तकीला ‘ताचिकाता’, वादक-गायिकेला ‘जिकाता’ म्हणतात. वय वाढले की अनेकजणी नृत्याकडून वाद्याकडे वळतात. सत्तरीची शामिसेनवादक गेइको बैठकीचा आधारस्तंभ असते आणि तरीही शिकवणीला जाते. ‘गेइशा म्हणजे वेश्या’ म्हणणाऱ्यांनी एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: कोणत्या वेश्यागृहात सत्तरीच्या स्त्रीचा मान विशीतल्या मुलीपेक्षा मोठा असतो?

१५/
तेव्हा कला खरी. प्रश्न असा की तिचे पैसे कोण भरत होते.
उत्तर: ती मुलगीच.
पूर्वी ओकिया आईबापांना आगाऊ रक्कम देई; ‘झेन्शाक्किन’, म्हणजे आधी दिलेले कर्ज. ते फिटेपर्यंत मुलगी बांधलेली. त्यावर तिचे जेवण, रेशमी किमोनो, केशरचना आणि शिकवणीची फी चढत जाई. वहीवर नृत्याचा प्रत्येक तास लिहिला जात होता. शिक्षण जितके उत्तम, तितकी सुटका लांब. बैठकीचा वेळ जळणाऱ्या उदबत्त्यांवर मोजला जाई. जळून संपलेल्या प्रत्येक उदबत्तीचे पैसे ओकियाकडे जात. श्रीमंत आश्रयदात्याने, ‘दान्ना’ने, कर्ज फेडले तर मुलगी मोकळी होई. म्हणजे तिचा धनको बदलत असे.

१६/
ही निंदकांची कुजबुज नव्हे. ही जपानी सरकारची स्वतःची कबुली आहे. १८७२ च्या उन्हाळ्यात ‘मारिया लूझ’ हे पेरूचे जहाज योकोहामा बंदरात थांबले. त्यात दोनशेहून अधिक चिनी मजूर कोंबलेले होते. एकाने समुद्रात उडी घेऊन ब्रिटिश युद्धनौका गाठली आणि प्रकरण फुटले. जपानी न्यायाधीश ओए ताकु यांनी मजुरांच्या बाजूने निवाडा दिला. तेव्हा कप्तानाच्या वकिलाने बिनतोड मुद्दा काढला: तुमच्याच देशात मुली याहून वाईट करारांवर विकल्या जातात, मग आमचाच करार बेकायदा कसा?

१७/
सरकार निरुत्तर झाले आणि त्याच वर्षी शरद ऋतूत मुक्तीचा हुकूम निघाला. त्यातील शब्दयोजना नीट वाचावी अशी आहे: वेश्या आणि गेइशा, दोघींची नावे एकाच वाक्यात, मुदतबंद चाकर म्हणून, सर्वांना मुक्त करावे. मागोमाग न्यायखात्याचा आदेश आला. त्याचा तर्क असा: या स्त्रियांचे मनुष्यत्व हिरावून त्यांना गुराघोड्यांच्या पातळीवर आणले गेले आहे, गुराघोड्यांकडून कर्जफेड मागता येत नाही, म्हणून यांच्याकडूनही मागता येणार नाही. लोकांनी त्याला नाव ठेवले ‘गुरेघोडी सोडण्याचा हुकूम’. मुक्ती देतानाही उपमा जनावराची! पण हिशेब मात्र बरोबर केला होता.

१८/
‘निखळ कलावंत’ पक्षाच्या लेखांत १८७२ हे वर्ष नेहमी येते, पण दुसऱ्याच कारणासाठी. त्याच वर्षी क्योतोत ‘मियाको ओदोरी’ हा वसंतनृत्योत्सव सुरू झाला. राजधानी टोकियोला गेल्यामुळे ओस पडू लागलेल्या शहरात प्रदर्शन भरले होते आणि त्याच्या जोडीला तिसऱ्या इनोउए याचियो यांनी गिओनच्या गेइकोंचे समूहनृत्य बसवले. आजही एप्रिलमध्ये त्याची तिकिटे विकली जातात. वसंतातले नृत्य सर्वांना ठाऊक. शरदातला हुकूम कोणालाच नाही.

१९/
त्या हुकुमानंतर गिओनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. मुक्त झालेल्या स्त्रियांना शिवण, विणकाम, लेखन-वाचन शिकवून दुसरी उपजीविका द्यावी म्हणून एक शाळा निघाली, ‘न्योकोबा’, म्हणजे स्त्रियांची कार्यशाळा. आज गिओन कोबूच्या माइको ज्या संस्थेत नृत्य आणि शामिसेन शिकतात, त्या यासाका न्योकोबा गाकुएनच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. या व्यवसायातून बाहेर पडण्यासाठी काढलेले दार पुढे आत येण्याचे प्रवेशद्वार झाले.

२०/
आणि कर्ज? ते दुसऱ्या दाराने परतले. वर्षभरातच ‘खोली भाड्याने देणारे’ आणि ‘स्वेच्छेने’ काम करणाऱ्या स्त्रिया अशी नवी परिभाषा तयार झाली. १९०० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वेश्येला देहाने बांधून ठेवणारा करार रद्द. पण कर्जाचा करार वेगळा आणि तो वैध. जायचे तर जा, पैसे ठेवून जा. हा भेद पुसायला १९५५ साल उजाडावे लागले. त्या खटल्यातील मुलगी गेइशा नव्हती, दारू वाढण्याच्या कामाला ठेवलेली, सोळा वर्षांचीही नसलेली पोर होती. न्यायालयाने आगाऊ कर्जासह सगळा व्यवहारच शून्य ठरवला. १८७२ ला गुराघोड्यांची उपमा देऊन जे साधले होते, तिथवर पुन्हा पोचायला ८३ वर्षे लागली.

२१/
या वर्षांमध्ये गेइशा मुक्याने बसल्या होत्या असेही नाही. १९३७ साली ओसाकाच्या गेइशांनी संप पुकारला आणि शिगी डोंगरावरील देवळात जाऊन ठाण मांडले. पंखा, चेरीचा बहर आणि अर्धवट हास्य यांच्या चित्रांत हे दृश्य बसत नाही, म्हणून ते कोणी छापत नाही.

२२/
एक साक्ष मात्र छापली गेली. मासुदा सायो यांचा जन्म १९२५ चा, नागानो प्रांतातला. कोवळ्या वयात दुसऱ्यांची मुले सांभाळण्याच्या कामाला लावलेली ही मुलगी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुवा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी ओकियाला विकली गेली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने मोठेपणी अक्षरे गिरवली आणि आत्मचरित्र लिहिले. ते १९५७ साली प्रसिद्ध झाले. त्यात कोवळ्या मुलीचे पहिलेपण विकण्याचा व्यवहार, ‘मिझुआगे’, आहे. आणि तो एकाच मुलीच्या बाबतीत पुन्हा पुन्हा, नव्या नव्या गिऱ्हाइकाला फसवून केल्याचेही आहे. नृत्य आणि शामिसेन त्यांनाही शिकवले होते.

२३/
‘निखळ कलावंत’ पक्ष मासुदांना कसे उत्तर देतो? ती तर झऱ्याकाठच्या गावची, खऱ्या गेइशा क्योतोच्या! म्हणजे जिची कहाणी अडचणीची, तिला जातीबाहेर टाकायचे. १९२० च्या दशकात जपानात सुमारे ८० हजार गेइशा होत्या असा अंदाज दिला जातो. त्यांपैकी गिओनच्या किती असतील? ज्यांना ‘अपवाद’ म्हणून झटकले जाते, संख्येने त्याच बहुसंख्य होत्या.

२४/
हाच पक्ष इवासाकी मिनेको यांचे नाव ढालीसारखे पुढे करतो. आर्थर गोल्डन यांच्या १९९७ च्या गाजलेल्या कादंबरीसाठी त्यांनी मुलाखती दिल्या होत्या. कादंबरीतील कौमार्याच्या लिलावाचे चित्रण आपल्या आयुष्यावर चिकटवले गेले आणि गुप्ततेचे वचन मोडले, असे म्हणत त्यांनी २००१ साली दावा लावला. २००३ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात त्यांनी आत्मचरित्र लिहिले. गोल्डन यांच्यावरचा त्यांचा राग रास्त होता. अमेरिकी पुरुषाने जपानी स्त्रीच्या तोंडी ‘मी’ घालून लिहावे, वर काल्पनिक अनुवादकाची प्रस्तावना जोडावी आणि जगाने ते सत्यकथन म्हणून वाचावे, हा प्रकार निर्लज्जपणाचाच. २००५ च्या चित्रपटाने तर प्रमुख भूमिका चिनी आणि मलेशियन अभिनेत्रींना देऊन बाहुलीचे उरलेसुरले जपानीपणही गैरलागू ठरवले.

२५/
पण इवासाकी कोण होत्या? लहानपणीच ओकियात आलेल्या आणि कायदेशीर दत्तकविधानाने त्या घराच्या वारस झालेल्या. ज्या वहीत इतर मुलींचे कर्ज लिहिले जाई, ती वही पुढेमागे त्यांच्याच मालकीची व्हायची होती. त्या खोटे बोलल्या असे मानण्याचे काहीच कारण नाही. १९६०–७० च्या गिओनमधील एका वारसदार मुलीचे सत्य त्यांनी सांगितले. युवराज्ञीच्या आठवणींवरून मजुरांचा इतिहास लिहिणे हा दोष त्यांच्या वाचकांचा.

२६/
मौन हा या व्यवसायाचा मोठा सद्गुण मानला जातो: ओचायात जे ऐकले ते तिथेच ठेवायचे. हे मौन कोणाच्या कामी येते? १९८९ साली पंतप्रधान उनो सोसुके यांच्या संबंधांविषयी एका गेइशाने वृत्तपत्रसमूहाच्या साप्ताहिकाला सांगितले. निवडणुकीतील पराभवाची भर पडून उनो ६९ दिवसांत पायउतार झाले. मात्र बोलल्याबद्दल टीका त्या स्त्रीवरही झाली, आणि तिच्याच व्यवसायातून झाली.

२७/
आज? आईबापांना रक्कम देऊन मुली विकत घेतल्या जात नाहीत. युद्धोत्तर कायद्यांमुळे सक्तीचे शालेय शिक्षण संपल्यावर, पंधराव्या वर्षी, मुलगी स्वतःच्या आवडीने येते. अनेकजणी मियाको ओदोरी पाहून भारावलेल्या असतात. हा फरक लहान नाही आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे. परंतु रचना पाहावी. माइकोला पगार नसतो, हातखर्च मिळतो. किमोनो, निवास, शिकवणी यांचा खर्च ओकिया उचलते आणि पाच-सहा वर्षांच्या मुदतीत तिची कमाई ओकिया घेते. ती नोकर नसून शिकाऊ आहे असे सांगितले जाते. म्हणजे कामाचे तास, रात्रपाळी, किमान वेतन हे प्रश्न उंबऱ्याबाहेरच थांबतात.

२८/
जून २०२२ मध्ये एका माजी माइकोने समाजमाध्यमावर लिहिले की सोळाव्या वर्षी तिला बैठकीत भरपूर दारू पाजली गेली आणि पाहुण्यांसोबत स्नान करण्यासाठी दबाव आला. लेखन जपानभर पसरले. प्रतिक्रिया पुन्हा त्याच दोन तटांच्या: एका बाजूला ‘आम्ही म्हणतच होतो’, दुसऱ्या बाजूला ‘परंपरेची बदनामी’. सहा-सात महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, कोरे-एदा हिरोकाझू यांची माइकोंच्या स्वयंपाकघरावरील गोड मालिका नेटफ्लिक्सवर आली. तिच्यातले पदार्थ सुरेख आहेत.

२९/
गिओनमध्ये २०१९ पासून खासगी गल्ल्यांत छायाचित्र काढल्यास १० हजार येन घेतले जातील असे फलक लागले. २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. माइकोंच्या बाह्या ओढणाऱ्या, त्यांच्यामागे धावणाऱ्या पर्यटकांपासून संरक्षण हवेच होते आणि वस्तीने ते तत्परतेने दिले. ओचायाच्या आतील पाहुण्यासाठी असा फलक नाही.

३०/
एक साधा हिशेब राहिला. जपानमध्ये सज्ञानतेचे वय २०२२ साली १८ वर आले, तरी दारू पिण्याचे कायदेशीर वय २० च आहे. मुलगी पंधराव्या वर्षी ओकियात येते. लाल कॉलर उतरवून पांढरी चढवण्याचा, माइकोची गेइको होण्याचा ‘एरिकाए’ विधी विसाव्या वर्षाच्या आसपास होतो. माइकोपणाचा जवळजवळ सगळा काळ या दोन वयांच्या मध्ये बसतो, आणि त्या काळातले तिचे रात्रीचे काम म्हणजे पाहुण्यांच्या पेल्यांत साके ओतणे.